कुपी नंबर अठ्ठ्याऐंशी

१ फेब्रुवारी, रविवार. संध्या. ७

उद्यापासून मोहीम, म्हणून आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. बाहेर दिवसभर सभ्यपणा करून जबडा दुखतो. इथे खरं लिहायचं.

परिस्थिती अशी. म्युझियमच्या कीटक विभागात मी सव्वीस वर्षं. विभागप्रमुख गेल्या महिन्यात रिटायर झाले, खुर्ची रिकामी आहे. ती माझी आहे हे शिपायालाही कळतं. डायरेक्टरला कळत नाही. डायरेक्टर म्हणजे आमच्या पहिल्या दालनातला पेंढा भरलेला प्राणी. बाहेरून रुबाब, आत काय ते सगळ्यांना माहीत. त्याने मला आणि भिंगवालीला दहा दिवस नदीच्या मुखापासून वरच्या जंगलापर्यंत कोळी गोळा करायला पाठवायचं ठरवलंय. परत आलात की खुर्चीचं बघू, म्हणाला. म्हणजे ज्याचा संग्रह भारी त्याची खुर्ची.

भिंगवाली माझी ज्युनिअर. लागून जेमतेम आठ वर्षं. गळ्यात कायम भिंग, जेवतानासुद्धा. उद्या भातातला खडा कोणत्या जातीचा तेही सांगेल.

संकल्प: एक तरी नवी जात शोधायची. तिला माझं नाव मिळालं पाहिजे. स्वतःचं नाव स्वतः देता येत नाही, असा या शास्त्रात एक खुळचट संकेत आहे. दुसऱ्या कोणीतरी द्यावं लागतं. भिंगवाली देईल. ज्युनिअर असतात कशाला? आणि हो, दहा दिवस कोणावर रागवायचं नाही.

बायको बॅग भरताना विचारत होती की बाथरूममध्ये कोळी दिसला की तुम्ही मला हाक मारता, तिथे कोणाला मारणार? तिला सांगितलं की घरातला कोळी वेगळा आणि शास्त्रीय कोळी वेगळा. ती हसत राहिली. रागवायचं नाही हा संकल्प उद्यापासून.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ३

नदीच्या मुखाशी रेस्ट हाउस. खाट डुगडुगते. म्युझियमने दोघांना एकेक नोंदवही दिली आहे. तारीख, वेळ, जागा, झाड की दगड, जमिनीपासून उंची, कोणी पकडला, असे रकाने. मी चार घड्या करून खाटेच्या पायाखाली घातली. बरोब्बर बसली. म्युझियमकडून इतकी उपयोगी वस्तू पहिल्यांदाच मिळाली. बाकी नोंदी डोक्यात राहतात. सव्वीस वर्षांची सवय आहे.

भिंगवालीने सुचवलं की दोघांनी मिळून काम करू, चार डोळ्यांना जास्त दिसतं. म्हणजे डोळे माझे आणि नाव तिचं. मी सरळ वाटणी केली. नदीचा डावा काठ माझा, उजवा तिचा. होडी एकच. ती आधी तिला पलीकडे सोडणार, मग मला फिरवणार. नावाडी साठीचा असेल. काहीही विचारा, ढिम्म. त्याचं नाव मी ढिम्मच ठेवलं.

संध्या. ६

पेन्सिलीवरून कटकट. फुलपाखरं टाचणीला टोचून कोरडी ठेवतात, पण कोळी मऊ, सुकला की चुरगळतो, म्हणून स्पिरिटच्या कुपीत. कुठे, कधी, कोणी पकडला ती चिठ्ठीही आत, त्याच्याबरोबरच. भिंगवाली माझ्या खोलीत येऊन पेन्सिल देऊन गेली आणि वर उपदेश. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहा, म्हणे, स्पिरिटमध्ये बाकी काही टिकत नाही. मी तिला माझं पेन दाखवलं. पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेलं, टोपणावर म्युझियमचं चिन्ह. माझ्या शाईच्या चिठ्ठ्या फुलपाखरांखाली सव्वीस वर्षं आहेत, एक अक्षर हललेलं नाही. पेन्सिल बालवाडीत. ती म्हणाली, बघा, तुमची मर्जी. पेन्सिल टेबलावर ठेवून गेली.

चहा ढवळायला चमचा नव्हता. कामी आली.

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११, होडीत

डाव्या काठाची खारफुटी. गुडघाभर चिखल. एक बूट नदीने घेतला.

पद्धत अशी: फांदीखाली छत्री उलटी धरायची, फांदीवर काठी हाणायची, जे पडेल ते आपलं. छत्री बायकोची, फुलाफुलांची. काठी मी उत्तम हाणली. भिंगवालीबद्दल विचार करत हाणली की जोर चांगला येतो. वीसेक कोळी पडले. सगळे पळत होते. हे इतके पळतात याची पूर्वकल्पना कोणी दिली नव्हती. फुलपाखरं टाचणीवर कशी शहाण्यासारखी बसतात.

ऊन चढलं. शांतपणे विचार करायला सावली हवी म्हणून छत्री डोक्यावर घेतली.

पुढचं लिहीत नाही. ढिम्म पाण्याकडे बघत होता. त्याचे खांदे हलत होते. रिपोर्ट करावा लागेल.

११.४०

कॉलरमधून नऊ परत मिळवले. बाकीचे शर्टात कुठेतरी आहेत.

संध्या. ६. आजचा स्कोअर: कुपी १ ते १६. (कुप्यांच्या काचेवर नंबर कोरलेलेच आहेत, ती एक सोय.) भिंगवालीच्या चाळीस. पण कचरा गोळा करायला काय लागतं?

४ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १

मोडक्या धक्क्याच्या मागे, ओल्या दगडांवर. आज ओढनळी. रबराची नळी एका बाजूने तोंडात, दुसरी बाजू कोळ्यावर, श्वास ओढला की कोळी मधल्या बाटलीत. तोंडाच्या बाजूला बारीक जाळी असते. जाळीमुळे ओढ कमी पडते हे माझ्या लगेच लक्षात आलं. कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही इतकी वर्षं? काढून टाकली.

१.०५

कुपी नंबर १७ रिकामी आहे.

१.३०

भिंगवालीला पलीकडून आणावं लागलं. तिने पाणी प्यायला सांगितलं आणि विचारलं की केवढा होता, रंग कोणता, पाय लांब होते का. माणसाची चौकशी नाही, कोळ्याची. माणुसकी म्हणून काही असते की नाही? मी पाय मोजत बसलो नव्हतो. सतराची चिठ्ठी मात्र लिहून आत टाकली आहे. कुपीत कोळी नाही, पण तो माझ्याजवळ आहे हे खोटं नाही.

स्कोअर: १७ ते ३०.

५ फेब्रुवारी, गुरुवार. संध्या. ५

आज डोकं वापरलं. कोळ्याच्या मागे मी का धावू? तो माझ्याकडे येईल. चिखलात तीस प्लॅस्टिकचे पेले तोंडापर्यंत पुरले, आत साबणाचं पाणी. रात्रभरात... रात्र कसली, दुपारीच भरती आली. तीसच्या तीस पेले एका ओळीत रेस्ट हाउससमोरून वाहत गेले. भिंगवाली जाळी घेऊन पाण्यात उतरली, सगळे वेचले, आणि मला म्हणाली की नदीत प्लॅस्टिक सोडत जाऊ नका. जसा काही मी हौसेने सोडले.

चूक ढिम्मची. मी पेले पुरत असताना तो वल्ह्याने झाडाच्या बुंध्यावरची ओली रेघ दाखवत होता. मला वाटलं झाड दाखवतोय. तोंड आहे ना? भरती येते असं सांगता येत नाही?

स्कोअर: ३१ ते ३४, रेस्ट हाउसच्या बाथरूममधून. दाराबाहेर उभं राहून, लांब चिमट्याने. बायकोला कळवायचं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्या. ६

३५ ते ७०. सगळे डाव्या काठाच्या गवतातून, धक्का आणि नदीत तरंगणारा लाल बोया यांच्या मध्ये. गवतावर जाळी फिरवायची, कुपीत झटकायचं, बघायचं नाही. बघितलं नाही की भीती... म्हणजे घाई होत नाही. एका कुपीत दोन-दोन भरले, जागा वाचते. थोड्या वेळाने पाहिलं तर एकेकच होते आणि जाडे होते. स्वभाव! आमच्या ऑफिससारखाच.

७ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी २, होडीत, चिखलात

ओहोटी. मी डावीकडे घे म्हणालो, ढिम्म उजवीकडे बोट दाखवत होता. मी आवाज चढवला. होडी रुतली. नाचता येईना अंगण वाकडं, तसं याला वल्हवता येईना आणि वर बोट दाखवतो. लाल बोयाच्या समोर, डाव्या काठाच्या मुळांत गेला तासभर अडकून पडलो आहोत. डास.

२.२०

ढिम्म खाली उतरला. मला वाटलं होडी ढकलेल. तो गेला मुळांकडे. मुळाला चिकटलेला एक मेलेला शिंपला उचकटला, आत बोट घातलं आणि मूठ माझ्यासमोर आणून उघडली. कोळी. मसुराएवढा, चिखलाच्या रंगाचा. याला कोळी म्हणायलाही लाज वाटावी. आणि आज पहिल्यांदा ढिम्मला वाचा फुटली. काय तर म्हणे, हा शिंपल्याचं तोंड आतून विणून बंद करतो आणि भरती आली की पाण्याखाली तसाच बसून राहतो. म्हणे, लहानपणापासून बघतोय, तुम्ही काल-परवा सारखे वरच शोधत होतात म्हणून सांगितलं.

कोळी, आणि पाण्याखाली! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी त्याला सांगितलं की मी सव्वीस वर्षं या खात्यात आहे. तो मागे जाऊन होडी ढकलायला लागला.

होडी त्याच्याच हातात आहे, रुसायला नको, म्हणून कोळी कुपीत टाकला. नंबर ८८. चिठ्ठीवर संग्राहक म्हणून माझं नाव. शाई माझी आहे.

स्कोअर: ७१ ते ८८. हे सोडून बाकी गवतातलेच.

८ फेब्रुवारी, रविवार

वरच्या जंगलात मुक्काम हलवला. सामान मीच उचललं असतं, पण पाठ. भिंगवाली आणि ढिम्मने उचललं. वाटेत दोघं एवढं काय बोलत होते कोण जाणे. माझ्याशी मुका आणि तिच्याशी पोपट. ती त्याला दादा म्हणते. कामापुरता मामा करणारे पाहिले होते, कामापुरता दादा आता पाहिला.

९ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२.१५

सापडला!!

जंगलातल्या पहिल्या ओढ्यापलीकडे, दुभंगलेल्या मोठ्या झाडाच्या खोडावर, माझ्या छातीच्या उंचीला. तळहाताएवढा, केसाळ, राक्षस. मी चाळीस मिनिटं समोर उभा होतो. तो हलला नाही. मी खाकरलो, तरी नाही. काठी आपटली, तरी नाही. माझ्या नजरेत जरब आहे हे ऑफिसात कोणी मान्य करत नाही. शेवटी डोळे मिटून बरणी त्याच्यावर ठेवली. आत पडला, अगदी अलगद, वजन जसं काही नाहीच. बरणी १३१.

पाठीवर एक विचित्र फट आहे, डब्याचं झाकण उघडावं तशी. असा कोळी मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेला नाही. नवी जात, शंभर टक्के! नावाला माझं आडनाव शोभेल का नाव, यावर विचार चालू.

भिंगवालीला दाखवला नाही. नजर लावेल, तीही भिंगातून.

स्कोअर: काल-आज मिळून ८९ ते १३१, हा राक्षस सोडून बाकी ओढ्याकाठच्या झुडपांतले. खुर्ची झाली.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८

भिंगवाली काल जेवणानंतर कपाळाला दिवा बांधून गेली होती. सांगत होती की उजेड टाकला की जमिनीवर कोळ्यांचे डोळे हिरवे चमकतात, शेकडो, तुम्हीही चला. जेवणानंतरचं काम माझ्या ग्रेडमध्ये येत नाही. शिवाय शेकडो डोळे माझ्याकडे बघत असताना मी काय करायचं?

स्कोअर: काल दुपारनंतर १३२ ते १४३, झऱ्याजवळच्या पडलेल्या पाल्यातून. थांबतो. जिंकणाऱ्याने थांबावं.

११ फेब्रुवारी, बुधवार

परत. जाताना ढिम्मने मला नमस्कार केला. मी कामात होतो.

माझी पेटी चिकटपट्टी लावून बंद केली आहे. वर लिहिलंय: डायरेक्टरांसमोर उघडणे. सोमवारी.

१६ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी ४

हे म्युझियम मोडीत काढलं पाहिजे.

पेटी उघडली. डायरेक्टर, भिंगवाली, दोन शिपाई, दारात तिकीटखिडकीवाली. एकशे त्रेचाळीस कुप्यांत निळं पाणी. सुंदर, आकाशी निळं. आत निळे कोळी आणि पांढऱ्या चिठ्ठ्या. कोऱ्या. एक अक्षर नाही. सगळी शाई स्पिरिटमध्ये उतरली होती. भिंगवालीने एक कुपी उजेडाला धरून पाहिली आणि परत ठेवली. तिने बोलायला हवं होतं. न बोलणं हा अपमान आहे.

डायरेक्टरने नोंदवही मागितली. ती खाटेच्या पायाखाली राहिली. मी म्हणालो, सगळं डोक्यात आहे, विचारा. त्याने एक कुपी उचलली. मी म्हणालो, ओढ्याकाठ. त्याने ती ठेवली, चार-पाच इतर विचारल्या आणि पुन्हा तीच उचलली. मी म्हणालो, धक्क्यामागचे दगड. शिपाई हसला. पेंढा भरलेल्या माणसाला अशी युक्ती सुचते कशी?

मग मी बरणी १३१ पुढे केली. भिंगवालीने भिंग लावलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की ही कात आहे. कोळी वाढताना जुनं कातडं सोडून निघून जातो, ते हे. फट पडली तिथून तो बाहेर गेला.

म्हणजे मी चाळीस मिनिटं एका सदऱ्याला घाबरवत होतो. सदराही रिकामा.

निकाल: पत्ता नसलेला कोळी शास्त्राच्या दृष्टीने कचरा. भिंगवालीने एकदा नजर टाकावी, मग सगळं मोरीत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११

भिंगवाली धावत आली. भिंग उलटं पाठीवर गेलेलं. कुपी ८८! मायक्रोस्कोपखाली तिने तीन तास बघितला, जगातल्या याद्या पडताळल्या. पूर्ण वाढलेला नर, आणि कोणत्याच वर्णनाशी जुळत नाही. नवी जात असण्याची दाट शक्यता. पण कुठे मिळाला हे लेखी पुराव्याने सांगता आलं नाही तर सगळं व्यर्थ. तिने जवळजवळ हात जोडून विचारलं की काहीतरी लिहिलं असेलच ना, कुठल्या तरी चिठोऱ्यावर?

मी ताठ बसलो. म्हटलं, माझी रोजनिशी आहे.

११.३०

रोजनिशी आहे. हीच.

मागची पानं चाळली. भिंगवाली, भिंगवाली, पेंढा, ढिम्म, भिंगवाली. हात दाखवून अवलक्षण.

संध्या. ६.३०

उपाय सापडला. सुबक प्रत काढायची. नवी वही आणली. सगळ्यांना आदरार्थी बहुवचन. ढिम्म नाही, नावाडी. पेल्यांचा प्रसंग गाळला, सतरा नंबर गाळला. आणि ८८ मी स्वतः पकडला, जिवावर उदार होऊन, दुभंगलेल्या मोठ्या झाडाच्या खोडावर, छातीच्या उंचीला. तिथे मी खरंच चाळीस मिनिटं उभा होतो. ते कष्ट वाया का घालवायचे?

बायको विचारते, जुनी वही फाडायची का. नको. खरं कुठेतरी असलं पाहिजे. माझ्यापुरतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १

प्रत दिली. तिने वाचली. दोनदा. म्हणाली की या कोळ्याच्या पायांच्या केसांत समुद्राचा गाळ आहे, आणि खाऱ्या पाण्यातल्या बारीक किड्यांची कवचंही. हा जन्मात कधी जंगलातल्या खोडावर चढलेला नाही. मग विचारलं की दहा दिवस चिखलात फिरलेल्या वहीवर एकही डाग कसा नाही? वर वहीच्या मागे दुकानाचा कालचा शिक्का.

मी म्हणालो, मी नीटनेटका माणूस आहे.

ती म्हणाली की मूळ वही द्या. मला फक्त जागा हव्यात, बाकीचं मी वाचणार नाही. आणि डायरेक्टरला खोटी प्रत दाखवणार नाही, ती इथेच विसरू.

२ वाजता

देऊ की नको. दिली नाही तर ८८ मोरीत आणि माझं नाव त्याच्याबरोबर. दिली तर... पण नाव! ज्या माणसाने स्वतःची लाज पणाला लावून शास्त्र वाचवलं, त्याचं नाव ती देणारच. न देऊन सांगेल कोणाला? शिवाय बाकीचं वाचणार नाही म्हणालीये. भिंगवाली असली तरी शब्दाची पक्की आहे.

२.१५

दिली पाहिजे. देतोय.

(आत्ताच लक्षात आलं की काल खोटी प्रत काढल्याचंही याच वहीत लिहिलंय. पान फाडायला गेलो तर मागच्या बाजूला १० फेब्रुवारीचा स्कोअर. ती दारात उभी आहे.)

२७ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.३०

वही आज परत मिळाली. ही नोंद पेन्सिलीने.

भिंगवालीने... म्हणजे मॅडमनी शब्द पाळला असावा. जागा आणि नंबर तेवढे अधोरेखित केले आहेत, फिकट पेन्सिलीने. माझ्या प्रत्येक रडगाण्यातून त्यांनी एकेक पत्ता काढला. जिथे बूट गेला तिथे १ ते १६. जिथे डास चावले तिथे ८८. एकशे त्रेचाळीसपैकी एकशे एकेचाळीस कोळ्यांना घर मिळालं. समासात सगळ्या वहीत मिळून एकच टिपण आहे, ४ फेब्रुवारीपाशी: १७ उपलब्ध नाही.

डायरेक्टरसाहेबांनी मात्र पहिलं पान वाचलं. पुरावा म्हणून त्यांना बघावंच लागलं. त्यांनी मला बोलावून एवढंच विचारलं की कोणता प्राणी. मी म्हणालो, रानगवा. ते म्हणाले, बरं.

विभागप्रमुख मॅडम झाल्या. अभिनंदन केलं.

८८ खरंच नवी जात ठरली. मॅडम मागच्या आठवड्यात माझ्या टेबलाशी आल्या. मी कपाळावरचे केस सारखे केले. त्या म्हणाल्या की ज्याने शोधला त्याच्या नावावरून कोळ्याचं नाव ठेवायचं आहे. मी म्हणालो, तुम्हाला योग्य वाटेल तसं. त्यांनी ७ फेब्रुवारीचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. माझं अक्षर. शिंपला कोणी उचकटला, मूठ कोणी उघडली, पाण्याखाली बसतो हे कोणी सांगितलं, सगळं मीच लिहून ठेवलंय. माझ्याविरुद्ध इतका चांगला साक्षीदार दुसऱ्या कोणाला मिळाला नसता.

मग त्यांनी विचारलं की नावाडीदादांचं पूर्ण नाव तुम्हाला माहीत आहे का, स्पेलिंग पडताळायचं आहे. मी तोंड उघडलं आणि तोंडात एकच शब्द होता. ढिम्म. एका होडीत इतके दिवस बसलो, माणसाने मला चिखलातून काढलं, जाताना नमस्कार केला, आणि मी त्याला नाव विचारलं नव्हतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मला लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, ही वही आता काही फक्त माझी राहिलेली नाही.

त्या नावाला लॅटिनची शेपटी लावून ते छापायला गेलं. नावाडीदादांना मॅडमनी कळवलं. ते म्हणे म्हणाले की तो नमस्कारालाही न बोललेला मुका साहेब बरा आहे ना? मुका मी!

छापायला गेलेल्या लेखाच्या शेवटी माझे आभार आहेत. नोंदींच्या तपशिलाबद्दल. बायकोने वाचलं आणि विचारलं की तुम्ही एवढ्या बारीक नोंदी कधी ठेवल्या? मी म्हणालो, सवय आहे.

सोमवारपासून माझ्याकडे मॅडमच्या संग्रहाच्या चिठ्ठ्यांचं काम आहे. सहाशे बारा कुप्या. पेन्सिलीने. टोक भराभर झिजतं. शार्पनर विभागात एकच आहे, मॅडमच्या टेबलाला दोरीने बांधलेलं. दर वीस चिठ्ठ्यांनी उठून जावं लागतं आणि विचारून घ्यावं लागतं.